दीड इंच जादा

…आणि वर गिऱ्हाइकानं मलाच म्हणायचं, "मास्तर, पँट आखूड झाली!" अहो, होणारच की आखूड. माप देताना हे बुटात होते कुठं? मी टेप धरून खाली वाकलो तेव्हा बूट होता इकडं आणि यांचा पाय होता तिकडं, गार फरशीवर, बोटं हलवत, मजेत... आता मला सांगा, पाय बाहेर काढायचं काही कारण होतं का?

बसा, बसा. मला घाई नाही. घाई असती तर शिंपी झालो नसतो.

तुम्हाला सांगतो, मी मैनुद्दीन. सदाशिव पेठेत जिन्याखाली माझं दुकान. एक मशीन, एक टेबल, एक आरसा, आरशाला मधोमध तडा, तो तडा बरोबर गिऱ्हाइकाच्या पोटावर येतो, त्यामुळं पोट दोन भागांत दिसतं आणि माणूस बारीक झाल्यासारखा वाटून खूश होऊन जातो. पन्नास वर्षं झाली या धंद्याला. शाळेची पायरी मी चढलो नाही. आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. आणि ज्या पेठेत दर दोन दारांमागं एक खरा मास्तर राहतो, त्या पेठेत कुणी "मास्तर" म्हणून हाक मारली की मान वर करतो मी. मापाच्या वहीत नावं लिहीत नाही, चित्र काढतो. छत्रीवाले, चष्मेवाले, एक आहेत त्यांच्या पानावर मी मांजर काढलंय, त्यांनी ते बघितलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काय करणार, त्यांच्या धोतराला कायम मांजराचे केस असायचे.

तर माप. पँटचं माप कसं घेतात? आधी कंबर, मग सीट, मग मांडी, मग गुडघा. इथपर्यंत माणूस ताठ उभा असतो, छाती काढून, जसा काही आता फोटोच निघणार आहे. मग मी म्हणतो, "आता उंची," आणि खाली वाकतो. वाकायला मला वेळ लागतो. आता वय झालं म्हणून लागतो, पण तरुण होतो तेव्हाही मी सावकाशच वाकायचो. तेवढ्या वेळात काय होतं ते खुदालाच ठाऊक... मी खाली पोचतो तर बूट रिकामा! वरचा माणूस आहे तिथंच, गप्पा चालू, "काय मास्तर, यंदा उकाडा फार," आणि खाली पाय बाहेर. बुटाची टाच असते एक इंच, ती मापातून गेली. आणि काहीजण तर एकच पाय काढतात! मग कंबर एका अंगाला कलते, आणि एक तंगडी लांब, एक आखूड. अशा एका पँटीत एक गृहस्थ महिनाभर फिरले, त्यांना वाटायला लागलं आपण लंगडतोय, हाडाच्या डॉक्टरकडं गेले, दोन्ही पायांचे फोटो काढले, आणि डॉक्टर म्हणाला, "पाय उत्तम आहेत. शिंपी बदला."

शिंपी बदला! आता यात शिंप्याचा काय दोष?

बरं, हे माझ्याच दुकानात होतं असंही नाही. बघा तुम्ही. बसथांब्यावर बघा, बँकेच्या रांगेत बघा, दवाखान्यात बाकासमोर उभी माणसं असतात ती बघा. बाई भाजी घ्यायला उभी राहिली, कोथिंबिरीवरून घासाघीस चाललीय, एक पाय चपलेवर आणि दुसरा त्या पायावर, बगळ्यासारखा. टेलिफोनच्या डब्याशी माणूस उभा असायचा, "हो साहेब, लगेच साहेब, आलोच साहेब," आणि साहेबाला तिकडं काय ठाऊक की हा इकडं अनवाणी आहे आणि कुठं निघालेला नाही. मशिदीत आपण चपला काढतो, ते कळतं. देवळात काढतात, तेही कळतं. पण बसथांब्यावर? तिथं पाय बाहेर काढायचं काही कारण आहे का?

मी विचारलंय लोकांना. अगदी विचारून विचारून थकलो. माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, गोपाळकृष्ण राहायचे. छापखान्यात खिळे जुळवायचं काम करायचे, अक्षरं उलटी वाचायचे आणि माणसं सरळ. बोलणं असं की तोंडात लिंबू धरलंय. ते म्हणाले, "मास्तर, पुण्याचा माणूस शेजाऱ्यालाही फार वेळ सहन करत नाही, चपलेला काय करेल?" आमची घरवाली सुगराबी म्हणते, माणूस घरी पोचायच्या आधी त्याचा पाय घरी पोचतो. तिला असं काहीतरी भाकरी थापताना सुचतं, मग ती विसरून जाते, आणि मी वीस वर्षं धरून बसतो.

आणि माझं स्वतःचं? माझं तर विचारूच नका. मशीनवर मी अनवाणी बसतो, पायानं हलवायचा तो पायटा चपलेनं कळत नाही, तळव्यालाच कळायला लागतो. त्यामुळं कुठंही उभा राहिलो की माझी उजवी चप्पल गेलीच, आणि पाय आपला चालू. एकदा बँकेच्या रांगेत पुढची बाई वळून म्हणाली, "आजोबा, थंडी वाजतेय का?" मी म्हटलं, नाही हो, कॉलर शिवतोय.

शेवटी मी गोपाळकृष्णांकडून एक पाटीच रंगवून घेतली. आरशाच्या वर लावलीय. त्यांनी ती मला वाचून दाखवली: "माप देताना पाय चपलेबाहेर काढू नये. काढल्यास उंचीची तक्रार ऐकली जाणार नाही." आणि म्हणाले, "अभिनंदन मास्तर. अख्ख्या पुण्यात चपला काढा म्हणून पाट्या आहेत. काढू नका म्हणणारे तुम्ही पहिले." आता तिथं खरंच तेच लिहिलंय का, का त्यांनी आपल्या मनाचं काही लिहून ठेवलंय, मला काय कळणार? म्हणून मी नवं गिऱ्हाईक आलं की म्हणतो, जरा वाचता का मोठ्यानं? अजून तरी सगळ्यांनी तेच वाचलंय.

पण हा प्रश्न... पाय बाहेर काढायचं काही कारण होतं का, हा प्रश्न मी असा तुमच्यासमोर विचारतो, सगळ्यांसमोर विचारतो, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारायचं मी सोडलं. एकदा विचारला आणि फसलो. ते सांगतो.

चौऱ्याहत्तर साल असेल. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. बिबवेवाडी तेव्हा खरोखरची वाडी होती, तिथं विहिरी होत्या आणि विहिरीत पाणी होतं. तिथून सर्जेराव यायचे आमच्या गल्लीत, सायकलला मागं टोपली बांधून, मेथी, कांदा, कधी वांगी. मोठा आडवा माणूस, मिशा अशा, पण आवाज बारीक, आणि हाक मारायची लाज. "मेथी" असं ते मेथीलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे. गल्लीतल्या बायका त्यांच्या सायकलच्या घंटेवर खाली यायच्या.

एक दिवस टोपली रिकामी झाल्यावर दुकानाशी आले. हातात पिशवी. म्हणाले, "मास्तर, एक पँट शिवायची हाय."

मी म्हटलं, कुणाची?

"माजीच."

मी वर बघितलं. जन्मभर धोतर नेसलेला माणूस. त्यांनी पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले. काळे, चकचकीत, बिननाडीचे, नुसता पाय सारायचा असे. म्हणाले, "धोतरावर बूट बरे दिसत न्हाईत. बुटाला पँट लागती."

हळूहळू कळलं सगळं. त्यांची मुलगी विजयमाला, हे तिला विजा म्हणायचे. आई नव्हती, पोर सात वर्षांची असताना गेली, तिथून यांनीच वाढवली, वेणीसुद्धा हेच घालायचे, म्हणाले, "कांद्याची वेणी घालता येती, तर पोरीची का न्हाय?" ती मुलगी नर्सिंगला होती. तीन वर्षं झाली, परीक्षा झाली, आणि बिबवेवाडीची विजयमाला पहिली आली. टोपी आणि बिल्ला द्यायचा मोठा कार्यक्रम ठरला, हॉलमध्ये, पाहुणे वगैरे, आणि ठरलं असं की पहिल्या आलेल्या मुलीच्या वडिलांनी पाहुण्यांबरोबर स्टेजवर जायचं. तर पोरीनं शिकताना मिळत होतं त्यातलं मागं टाकून टाकून आबांना बूट घेतले. "आबा, तुम्ही हेच घालून यायचं."

मग मी माप घेतलं. कंबर, सीट, मांडी, गुडघा. सर्जेराव बूट घालून उभे, देवापुढं उभं राहावं तसे. मग उंचीला खाली वाकलो, आणि... तुम्हाला सांगतो, तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं, माझं लक्ष नव्हतं. टेप जिथं टेकली तिथला आकडा घेतला, वहीत कांद्याचं चित्र काढलं, आकडा मांडला, पँट शिवली.

ट्रायलला आले. घातली. आणि मी बघतो तर पँट घोट्याच्या वर! खाली पाय, पायाच्या पुढं बूट, म्हणजे पाय बुटात नाहीच, नुसती बोटं आत आणि टाच बाहेर, बुटाची मागची बाजू चेपलेली. आणि मला आला राग. आता मी रागावतो तेव्हाही सावकाशच रागावतो, पण आला. म्हटलं, "सर्जेराव, माप देताना पण असेच उभे होतात का? पाय बाहेर काढायचं काही कारण होतं का?"

त्यांच्या मिशा खाली. एवढा मोठा माणूस, आणि असा उभा की जसं काही त्याचं काहीतरी चोरलेलं सापडलंय. मग त्यांनी दाराकडं बघितलं, कुणी नाही ना, आणि टाच वळवून दाखवली. फोड येऊन फुटलेला, त्यावर हळद भरलेली, त्यावर धोतराची चिंधी. दुसऱ्या पायाला पण तेच.

"बारीक हायेत," ते म्हणाले. "बोटभर बारीक हायेत, मास्तर."

मी म्हटलं, अहो मग बदलून आणा!

ते म्हणाले, घालून शेतातून दोन चकरा मारल्या, आता कोण घेतंय बदलून. आणि ते जाऊ दे, पण विजाला सांगायचं कसं? मग पोरीनं बुटांचं माप कसं घेतलं ते त्यांनी मला सांगितलं, बूट देताना तिनंच ते त्यांना सांगितलं होतं. पोरीला आबांना कळू द्यायचं नव्हतं. सुट्टीला आली होती. आबांनी कांद्याच्या वाफ्याला पाणी दिलं होतं, त्या चिखलात त्यांचं पाऊल उमटलेलं, स्वच्छ, पाच बोटांसकट. तिनं ते बघून ठेवलं. दोन दिवसांनी जायच्या दिवशी, आबा विहिरीवर गेल्यावर, ती वाफ्यात बसली, कडब्याची काडी पावलात धरली, पावलाएवढी तोडली आणि पुस्तकात घालून दुकानात घेऊन गेली.

दोन दिवसांनी! आता मी शिंपी माणूस. मला विचारलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं, पोरी, कापड पाण्यात आटतं आणि चिखल उन्हात आटतो, त्या वाफ्याला भेगा पडल्या असतील, पाऊल मुळातलं राहिलंय कुठं? पण ते मी बोललो नाही. मला आपली ती पोर दिसत होती, वाफ्यात उकिडवी बसून बापाच्या पावलात काडी धरणारी.

सर्जेराव म्हणाले, "मी सगळं सोसतो. पर तिला कळता कामा न्हाय. तिनं तीन वरसं मागं टाकलंय. तिथं स्टेजवर माजी टाच दिसली, तर तिला दिसंल. ती नर्स हाय, मास्तर. तिला लगीच दिसंल."

मी म्हटलं, पँट काढा. द्या इकडं.

सगळी शिलाई उसवली. आत दुमडीला मी नेहमी भरपूर कापड ठेवतो, ते सगळं सोडलं, मागून अस्तराची पट्टी लावली. बाजूच्या शिलाया उसवून घेरालाही जेवढं मिळालं तेवढं सोडलं. हिशेब माझा सरळ होता: बूट घातलेल्या माणसाला लागते त्याहून उंची दीड इंच जादा, आणि घेर एवढा की बूट, चेपलेली मागची बाजू, बाहेरची टाच, हळद, चिंधी, सगळं आत. वरून बघणाऱ्याला फक्त बुटाची दोन चकचकीत टोकं दिसणार. सर्जेरावांनी घातली आणि खाली बघून म्हणाले, "मास्तर, ह्यो परकर झाला का?" मी म्हटलं, बाहेर बघा, कॉलेजची पोरं तेच घालून हिंडतायत, तुमच्या बिबवेवाडीला अजून फॅशन पोचली नाही एवढंच. मग गल्लीत चालून बघायला सांगितलं. टाच बाहेर ठेवून, बूट ओढत, पण ओढतोय असं दिसू न देता. पहिल्यांदा बूट मागं राहिला आणि सर्जेराव पुढं गेले. मग जमलं. वरून गॅलरीतून गोपाळकृष्ण म्हणाले, "काय मास्तर, गल्ली झाडायचं काम तुमच्याकडं आलं वाटतं." पण ते खाली आले, एक चक्कर सर्जेरावांच्या मागून चालले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "टाच दिसत नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

कार्यक्रमाला सर्जेरावांनी मला बोलावलं. म्हणाले, तुम्ही जवळ बसा, धीर राहतो. हॉल भरलेला. पांढऱ्या कपड्यांत मुली एका बाजूला ओळीनं. विजा पहिली, बारीक चेहऱ्याची, एकसारखं आमच्याकडं बघत होती, तोंडाकडं नाही, बुटांकडं. बूट तिला दिसले. तिनं बापाकडं बघून मान हलवली. सर्जेरावांनीही हलवली. माझ्या जिवात जीव आला.

नाव पुकारलं. सर्जेराव उठले. आणि तुम्हाला सांगतो, काय चालले! कुणी म्हणणार नाही हा माणूस टाचेवर फोड घेऊन चाललाय. पायऱ्या चढले. बुटाची टोकं नुसती चमकत होती. पाहुण्यांनी हात जोडले, यांनी जोडले. समोर समई.

आणि पाहुण्यांनी बूट काढले.

अहो, काढणारच! समई लावायची तर पायात बूट ठेवतो का कुणी? फोटोला हार घालताना काढतात, नारळ फोडताना काढतात, हे मी लहानपणापासून बघतोय, हजार वेळा बघितलंय, आणि मी, मैनुद्दीन, उभा जन्म लोकांच्या पायांकडं बघण्यात घालवणारा माणूस, एवढी पँट उसवली, एवढी पट्टी लावली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! सगळ्या पुण्यात पाय बाहेर काढायचं खरं कारण असलेली ती एक जागा, आणि तिथंच मी घात केला.

सर्जेरावांनी पाहुण्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी काय करणार? त्यांनी पाय बाहेर काढले. बुटाची टाच गेली आणि माझा दीड इंच आला खाली, म्हणजे अडीच इंच पँट स्टेजवर पसरली, पाय दिसेनातच, जसा काही माणूस जमिनीतून उगवलाय. तसेच दोन पावलं गेले. वात लावली. नमस्कार केला, आणि वळताना स्वतःच्याच पँटीवर पाय देऊन जे अडखळले... पाहुण्यांनी कोपर धरलं म्हणून बरं. हॉलमध्ये हशा झाला. वाईट नव्हता तो हशा, पण झाला. मग ते बुटात पाय घालायला गेले, तर पाय सुजलेले, आणि पायाच्या आधी पँटच बुटात चाललीय. पाहुणे चांगले होते बिचारे, मदतीला वाकले आणि एक बूट उचलून हातात धरला, आणि मग त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना, तसेच उभे, स्वतः अनवाणी, हातात सर्जेरावांचा बूट.

मी उठलो. उठलो तर माझी उजवी चप्पल नाही! मला कळलंसुद्धा नव्हतं मी कधी पाय काढला ते. ती कुणाच्या तरी लाथेनं गेली होती खुर्च्यांखाली. एका चपलेवर निघालो, आणि निम्म्या वाटेत थांबलो.

कारण विजा ओळीतून निघून स्टेजवर आली होती. टोपी अजून मिळायची होती तिला. ती बापासमोर गुडघ्यावर बसली आणि पँटची कड दुमडायला लागली, एक दुमड, दुसरी दुमड, पलंगावरच्या चादरीचे कोपरे दुमडतात तशी, नीट, अंगठ्यानं दाबून. एक पाय झाला. दुसरा दुमडता दुमडता तिचे हात थांबले. हळद दिसली तिला. चिंधी दिसली.

हॉल गप्प झाला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"आबा, बूट लागतात?"

"न्हाय गं," सर्जेराव म्हणाले. "बूट बराबर हायेत. पायच जरा जादा झालेत."

मग तिनं मागं हात केला, न बघताच, आणि त्यांच्या मोठ्या मेट्रन होत्या, त्यांनीही काही न विचारता कुठून तरी कापूस आणि पट्टी आणवून तिच्या हातात दिली. भाषणं थांबली, पाहुणे बूट धरून थांबले, आणि तिनं बापाच्या दोन्ही टाचा पुसून, मलम लावून, बांधून दिल्या. मग उठून टोपी घेतली. म्हणजे टोपीच्या आधी पेशंट झाला तिचा.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर ती म्हणाली, आबा, मी दुसरे आणते, मोठे. ते ऐकेनात. म्हणाले, मला हेच पाहिजेत. मग ती माझ्याकडं आली. मला वाटलं, आता ही बोलणार, तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही लपवलंत. मी तयारीत होतो. ती म्हणाली, "मास्तर, यांची पँट लांबच राहू द्या. त्यांना पाय बाहेर काढायला बरं पडतं."

पुढं तेवीस वर्षं सर्जेरावांच्या पँटी मी शिवल्या, सगळ्या दीड इंच जादा. एरवी धोतर, पण आमच्याकडं सणासुदीला यायचे ते पँट घालून आणि बूट घेऊन. चालताना बूट हातात असायचे. दुकानाशी आले की बूट खाली ठेवायचे, त्यांच्या शेजारी उभे राहायचे आणि गप्पा मारायचे. एकदा मी म्हटलं, सर्जेराव, पायात तर कधी नसतातच ते. ते म्हणाले, "पायात नसले म्हून काय झालं? जवळ हायेत न्हवं." आणि बारीक आवाजात हसले. नंतर वाफ्यांवर बिल्डिंगी आल्या, सर्जेरावही गेले. वहीतलं कांद्याचं पान मी फाडलं नाही.

आता विजा. विजाताई. तीही रिटायर होऊन कैक वर्षं झाली. केस पांढरे, चष्मा, पण चाल अजून वॉर्डातली. मी जेंट्स टेलर आहे, पण तिच्या सलवारी मीच शिवतो, त्याला काही कुणाची परवानगी लागत नाही. गेल्या महिन्यात आली. पायात नवे बूट, ते हल्लीचे, फुगीर, पांढरे, मागं लाल पट्टा. मी कंबरेचं माप घेतलं, सावकाश खाली वाकलो, आणि बघतो तर डावी टाच बाहेर, बुटाची मागची बाजू चेपलेली.

मी तिथंच बसून राहिलो. तो प्रश्न ओठांवर आला होता माझ्या, पण नाही विचारला. नुसतं म्हटलं, "बूट नवे वाटतं?"

म्हणाली, मुलानं पाठवले. बंगळुरूला असतो. मागं आला तेव्हा मी अंघोळीला गेले असताना माझ्या जुन्या चपलेवर वीत टाकून माप घेऊन गेला म्हणे, मला कळू न देता. कुरियरनं आले.

"लागतात?"

"छे हो, मास्तर," विजाताई म्हणाली. "बूट बरोबर आहेत. पायच जरा जादा झालेत."

मी टेप गुंडाळली. वही काढली, कांद्याचं पान उघडलं, खाली जागा होती तिथं उंची मांडली आणि त्यात दीड मिळवला. तिनं ते बघितलं. मीही तिच्याकडं बघितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "विजाताई, ती पाटी जरा वाचता का? मला ऐकायला बरं वाटतं."

तिनं चष्मा सारखा केला, मान वर केली आणि शाळेतल्या मुलीसारखी मोठ्यानं वाचली: "माप देताना पाय चपलेबाहेर काढू नये. काढल्यास उंचीची तक्रार ऐकली जाणार नाही."

छान वाचली. एक अक्षर चुकली नाही... आणि वाचून होईपर्यंत दुसराही पाय बाहेर.